न्हाणीघरापुढचे घड्याळ

नरकचतुर्दशीच्या पहाटे चार वाजता माझी भाची न्हाणीघराच्या दाराशी स्टूल टाकून बसली होती. मांडीवर जुन्या कॅलेंडरचे उलटे केलेले पान, हातात पेन्सिल, आणि समोर कोनाड्यात मोबाइल उभा करून ठेवलेला; त्याच्यावर सेकंद धावत होते. मी डोळे चोळत ओसरीवर आलो तशी तिने मला आपादमस्तक न्याहाळले आणि विचारले,

"मामा, तुम्हाला आंघोळीला किती वेळ लागतो?"

"पाच मिनिटं!" मी म्हणालो.

"सगळे असंच सांगतात," ती म्हणाली आणि तिने कागदावर काहीतरी टिपून घेतले. मागाहून चोरून पाहिले तो 'मामा – अंदाजे १५' असे लिहिले होते.

ही गोष्ट बीडची, गेल्या दिवाळीतली. या सदराचे जुने वाचक माझ्या ताईला ओळखतात. तिच्या मिक्सरने मला एकदा एक अख्खा लेख पुरवला होता. ताईचे घर जुन्या बीडात. घर मोठे, माणसे मोठ्या मनाची, पण न्हाणीघर एकच. गीझर आहे, पण नरकचतुर्दशीला ताईच्या सासूबाई तो लावू देत नाहीत. त्या दिवशी पाणी तापायचे ते तांब्याच्या बंबातच, तेही लाकडांवर. घरात त्या दिवशी आम्ही अकरा माणसे होतो. सूर्य उगवणार साडेसहाला पाच-सात मिनिटे कमी असताना. त्याच्या आत शेवटच्या माणसाच्या अंगावर शेवटचा तांब्या पडला पाहिजे, नाहीतर काय होते ते आपणां सर्वांना लहानपणीच सांगून ठेवलेले आहे.

भाचीचा हिशेब सरळ होता. चारपासून सूर्योदयापर्यंत १४४ मिनिटे. मागच्या तीन वर्षांच्या नोंदी तिच्याजवळ होत्या. (हो, तीन वर्षांच्या! ताई म्हणाली, "ही पोरगी लहानपणी बाहुल्यांची लग्नं लावायची नाही, त्यांची हजेरी घ्यायची.") माणशी सरासरी ११ मिनिटे, म्हणजे १२१ मिनिटांत सगळे उरकायला हवे.

"मग झालं तर," मी म्हणालो. "तेवीस मिनिटं शिल्लकच आहेत."

"सरासरीनं वर्षभर चालतं, मामा. नरकचतुर्दशी एकच दिवस असते." तिने कागद पुढे केला. प्रत्येकाच्या नावापुढे सरासरीशेजारी दुसरा एक आकडा होता: त्या माणसाने तीन वर्षांत घेतलेला जास्तीत जास्त वेळ. अंबाजोगाईहून आलेल्या नानांच्या नावापुढे ३१. त्या आकड्यांची बेरीज १६८ होती. "सगळ्यांनी एकाच दिवशी मनावर घेतलं, तर चोवीस मिनिटं उशीर. मागच्या वर्षी आपले बाबा उन्हात नाहले."

माझी ही भाची पुण्याला एका कंपनीत आहे. कंपनीचे नाव सांगत नाही, पुढे कळेल कां ते. मोटारसायकलच्या ब्रेकवर देखरेख करणारी हाताएवढी पेटी ती कंपनी बनवते आणि त्या पेटीतल्या प्रोग्रॅमचा एक भाग भाचीकडे आहे. दिवाळीच्या सुट्टीतही ती पेटी, एक हिरवी चकती, वायरींचा गुंता आणि छोटा ऑसिलोस्कोप घेऊन ती बीडला आली होती. मी तिच्या कामाबद्दल आजवर कधी विचारले नव्हते. विचारून समजले नाही तर पंचाईत. पण त्या पहाटे न्हाणीघरापुढे बसून जे पाहिले, त्यामुळे दुपारी विचारण्याचे धैर्य झाले. आणि नवल म्हणजे बरेचसे समजले. त्याचे श्रेय दाजींना, आजींना आणि उटण्याच्या वाटीला आहे.

पहिला धडा दाजींचा. ते आत गेले आणि १९ मिनिटांनी बाहेर आले. पण भाचीने कागदावर दोन आकडे लिहिले: १३ आणि १९. कारण मध्येच दूधवाला आला आणि दाजींनी साबण लावलेल्या अंगाने, न्हाणीघराच्या झरोक्यातून, महिन्याच्या दुधाचा हिशेब सहा मिनिटे केला. "बाबांना लागलेला वेळ तेरा," ती म्हणाली. "न्हाणीघर अडून राहिलेला वेळ एकोणीस. दोन्ही आकडे लागतात. नुसता एक लिहिला तर पुढच्या वर्षी चूक कुणाची ते कळत नाही."

दुसरा धडा वाटीचा. आजींची आंघोळ लवकर व्हायला हवी. त्यांच्यामागून देवपूजा आणि औक्षणाची तयारी असते. तेव्हा मानाने त्या सगळ्यांच्या वर. पण उटण्याची चांदीची वाटी एकच, आणि ती त्या वेळी धाकट्या भाच्याच्या हातात होती. तो बारा वर्षांचा, अंगाला उटणे फासत पाटावर बसलेला. त्याचे काम दोन मिनिटांत संपले असते. इतक्यात काकांनी गच्चीवरून हाक मारली: आकाशकंदिलाची वायर सुटली आहे, वर ये. काकांचा शब्द मोडायची त्याची छाती नाही. तो वाटीसकट वर गेला. इकडे आजी तेल लावून थंडीत बसलेल्या.

"कामून उशीर लावायलेत रे?" त्यांनी दोनदा विचारले.

आता गंमत पाहा. आजी नातवासाठी थांबल्या असे दिसत होते, पण खरे म्हणजे त्या आकाशकंदिलासाठी थांबल्या होत्या! आकाशकंदिलाला आजींच्या पुढे जाण्याचा काहीएक अधिकार नव्हता. काकांना आजी थांबल्याचे ठाऊक नव्हते, आणि नातवाचा काकांपुढे इलाज नव्हता. भाचीने तिथल्या तिथे नियम केला: ज्याच्या हातात वाटी, त्याला वाटी खाली ठेवीपर्यंत आजींचा मान. मग काकाच काय, कलेक्टरनेही त्याला हाक मारायची नाही.

त्या दिवशी शेवटची आंघोळ सूर्य उगवायला चार मिनिटे असताना झाली. नाना २२ मिनिटांत बाहेर आले. दारापाशी कुणी घड्याळ घेऊन बसले आहे हे कळल्यावर माणसे घाई करतात, हेही तिने कागदावर नोंदवले.

दुपारी फराळ झाल्यावर जेवणाच्या टेबलावर, चिवड्याचा डबा आणि सीताफळांची टोपली बाजूला सारून, तिने आपले सामान मांडले. ही बीडची सीताफळे २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली. पुण्याला त्यांच्या नावावर काय काय विकतात तो विषय वेगळा.

त्या पेटीचे काम असे. चाकाला दातेरी कडे असते, त्याच्याजवळ एक सेन्सर. दाते सरकतात त्यावरून चाक किती वेगाने फिरते आहे ते कळते. स्वाराने घाबरून ब्रेक कचकन दाबला की चाक जागीच थांबते, गाडी मात्र घसरत राहते. पेटीला चाक अडकण्याच्या बेतात आहे असे दिसले की ती ब्रेकचा दाब क्षणभर सोडते, पुन्हा देते, पुन्हा सोडते. सेकंदात कितीतरी वेळा. आपल्याकडे १२५ सीसीवरच्या मोटारसायकलींना ही सोय १ एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलांसाठी आणि १ एप्रिल २०१९ पासून सगळ्यांसाठीच सक्तीची झाली.

भाचीच्या पेटीत ही तपासणी दर ५ मिलिसेकंदांनी व्हावी लागते. आपल्या जुन्या मोजणीत दिवसाच्या ६० घटिका, घटिकेची ६० पळे, पळाची ६० विपळे. विपळ म्हणजे ०.४ सेकंद. एका विपळात तिच्या ८० फेऱ्या होतात.

पेटीत एवढे एकच काम नसते. दिवा लावणे, तक्रारी नोंदवणे, इतर भागांशी बोलणे, अशी दहा-बारा कामे एकाच प्रोसेसरवर चालतात. कुणी केव्हा आत जायचे, कुणाला मध्येच बाहेर काढायचे हे ठरवणारी जी व्यवस्था, तिला रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. माझा समज होता की रिअल-टाइम म्हणजे फार जलद. भाचीने मान हलवली. "जलद नव्हे, मामा. वेळेवर."

या व्यवस्थेचा एक हिशेब १९७३ साली सी. एल. लिऊ आणि जेम्स लेलंड या दोघांनी मांडून ठेवला आहे. ठरावीक वेळाने पुन्हापुन्हा येणारी आणि एकमेकांवर न अडणारी कामे असतील, ज्याची पाळी लवकर लवकर येते त्याला वरचा मान दिला, आणि प्रोसेसर एकंदरीत ६९ टक्क्यांहून कमी गुंतलेला असला, तर कामे कितीही असोत, सगळी वेळेत होतात. घरच्या बाईला हे सांगायला नको. चार शेगड्यांवर सहा पदार्थ करणारी बाई थोडी सवड राखूनच असते. पण हा हिशेब करायचा तर प्रत्येक कामाला जास्तीत जास्त किती वेळ लागतो तो आकडा आधी हाती हवा. तोच मोजायला भाची बसली होती.

"त्यात काय मोजायचं?" मी म्हणालो. "घड्याळ लावायचं."

"कुठलं?"

आणि इथे माझ्या ज्ञानाला ओहोटी लागली. सिस्टिमचे स्वतःचे एक घड्याळ असते, पण ते मिलिसेकंदाला एकदा टिक करते. भाचीचे काम ०.९ मिलिसेकंदाचे. त्या घड्याळाने ते मोजणे म्हणजे आंघोळ कॅलेंडरने मोजण्यासारखे: काल झाली नव्हती, आज झाली. म्हणून ती प्रोसेसरच्या पोटातला मोजणीचा आकडा वापरते. प्रोसेसरचा एक ठोका पडला की तो आकडा एकाने वाढतो. तिच्या प्रोसेसरचे ठोके सेकंदाला दहा कोटी. काम सुरू होताना आकडा वाचायचा, संपताना वाचायचा, वजाबाकी करायची. आधी मध्ये काहीच काम न ठेवता एकदा मोजून पाहायचे. तरीही आकडा शून्य येत नाही, कारण वाचायलाच काही ठोके लागतात. ते वजा टाकायचे. वाण्याकडे तेल आणायला गेलो की आधी रिकामी बरणी तोलतात, तसेच हे.

हा आकडा ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जातो आणि पुढच्या ठोक्याला शून्यावर येतो. तिच्याकडे सुमारे ४३ सेकंदांत. मोटारसायकलवरचा किलोमीटरचा आकडा ९९,९९९ नंतर शून्यावर यावा तसा. मध्ये एकदा शून्य आले तरी नीट केलेली वजाबाकी बरोबर येते. मोजायचे काम त्याहून लांबले तर मात्र फसगत.

यंत्रातल्या घड्याळाच्या फसगतीची एक गोष्ट तिने सांगितली ती अंगावर काटा आणणारी आहे. १९९१ साली आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धाहरान येथे अमेरिकेची पेट्रियट क्षेपणास्त्रांची तुकडी होती. तिचा संगणक सेकंदाचे दशांश मोजत असे, आणि एक दशांश ही संख्या संगणकाच्या दोन अंकी गणितात कधीच पुरी लिहून होत नाही. शेपूट कापावे लागते. कापलेले शेपूट क्षुल्लक. पण यंत्र सुमारे शंभर तास सलग चालू राहिले आणि चूक साठून ०.३४ सेकंदाची झाली. समोरून येणारे स्कड क्षेपणास्त्र सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक वेगाने येत होते. संगणकाने त्याला अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतरावर भलतीकडेच शोधले. २५ फेब्रुवारीला २८ सैनिक गेले. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम तिथे पोचला तो दुसऱ्या दिवशी.

ताईने आतून विचारले, "दिवाळीच्या दिवशी हे काय बोलायलेत तुम्ही?" आम्ही आवाज खाली आणला.

मोजण्याची दुसरी रीत ऑसिलोस्कोपची. काम सुरू झाले की पेटीच्या एका पिनवर वीज चढवायची, संपले की उतरवायची. पडद्यावर चौकोनी टेकडी दिसते; टेकडीची रुंदी म्हणजे कामाचा वेळ. ही रीत मला आवडली, डोळ्यांना दिसते म्हणून. पहिली टेकडी बहुधा पुढच्यांपेक्षा रुंद असते. बंब आधी थंड असतो, त्यातला प्रकार.

"मग प्रत्येक वेळी संगणकालाच छापायला सांग ना, किती वेळ लागला ते," मी सुचवले.

"तिथंच सगळे फसतात." तिने आकडेमोड करून दाखवली. ज्या तारेतून ही पेटी अक्षरे बाहेर पाठवते तिचा नेहमीचा वेग सेकंदाला ११,५२० अक्षरे. चाळीस अक्षरांची एक ओळ पाठवायला साडेतीन मिलिसेकंद. म्हणजे ०.९ मिलिसेकंदाचे काम किती वेळात झाले हे सांगण्यातच त्याच्या जवळजवळ चौपट वेळ गेला. ती ओळ जाईपर्यंत काम तिथेच थांबले, तर आपण काय मोजले? न्हाणीघराचे दार ठोठावून दर मिनिटाला 'झालं का, झालं का' विचारत राहिले तर आतला माणूस उत्तरे देत बसणार की अंग धुणार?

एव्हाना आजी येऊन खुर्चीवर टेकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हे तर लीलावतीचं झालं, माय."

लीलावतीची कथा आपणां सर्वांना ठाऊक आहे. भास्कराचार्यांची मुलगी, तिच्या लग्नाची वेळ साधायला पाण्यावर घटिकापात्र सोडलेले. बुडाला बारीक छिद्र असलेली ती वाटी २४ मिनिटांत भरून बुडायची. मुलगी कुतूहलाने वाकून बघायला गेली, तिच्या अंगावरच्या दागिन्यातला मोती त्यात पडला, छिद्र बुजले, वाटी बुडेचना, आणि मुहूर्त टळून गेला. १५८७ साली फैजीने 'लीलावती' फारसीत आणली तेव्हाची ही कथा. इतिहास म्हणून तिला आधार नाही. ग्रंथ मात्र खरा, ११५० च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचे विज्जडविड म्हणजे कुठले गाव याविषयी विद्वानांत एकमत नाही. दाजींचे आहे. त्यांच्या मते ते बीडच, आणि यावर बीडमध्ये त्यांच्याशी वाद घालण्याचा मूर्खपणा मी केला नाही. पण आजींनी बोट ठेवले ते नेमके होते: वेळ बघायला म्हणून वाकले आणि वेळच बिघडली.

भाची काही क्षण आजींकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आजी, आमच्या ऑफिसात चला तुम्ही." तिने काढलेला उपाय असा की प्रत्येक फेरीचा आकडा गुपचूप पेटीच्या आठवणीत टाकायचा, आणि सगळे बंद झाल्यावर शांतपणे वाचायचा. दुकानदार गिऱ्हाइकाच्या गर्दीत वही मांडून बसत नाही. शटर ओढल्यावर बसतो.

असे तासभर मोजले की ७,२०,००० फेऱ्या होतात. भाचीने मोजल्या होत्या. पाळी आल्यापासून काम पुरे होईपर्यंतचा वेळ: सरासरी ०.९ मिलिसेकंद, तिला ठरवून दिलेली मर्यादा १.५. सगळे उत्तम. फक्त तीन फेऱ्या सोडून. त्या तिन्हींचा आकडा ७.६ होता.

"सात लाख वीस हजारांत तीन?" मी म्हणालो. "एवढं काय मनावर घेतेस!"

"साहेबही हेच म्हणाले."

तिच्या साहेबांचे म्हणणे, मोजण्यातच चूक असेल; दिवाळी संपताच नमुना गिऱ्हाइकाकडे जायचा आहे, गेलाच पाहिजे. त्याबरोबर जाणाऱ्या कागदावर 'जास्तीत जास्त वेळ' असा एक रकाना होता आणि त्याखाली भाचीची सही हवी होती. रकान्यात १.५ च्या आतला आकडा असला की काम पुरे. तिने सही न करता कागद बीडला आणला होता. तो चिवड्याच्या डब्याखाली दिसत होता.

मी वडीलधाऱ्याच्या आवाजात विचारले की एक फेरी चुकली तर होते काय? तिने प्रामाणिकपणे सांगितले: फार काही नाही. ताशी ६० किलोमीटर वेगात ५ मिलिसेकंदांत गाडी ८ सेंटीमीटर जाते. "पण का झालं ते मला माहीत नाही, मामा. कारण माहीत नसेल, तर आठाचे ऐंशी होणार नाहीत असं मी कशाच्या जोरावर लिहू?"

दाजी पलीकडे झोपाळ्यावर पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटले नाही. त्यांचा डावा पाय थंडीत अजून दुखतो. २०११ सालच्या हंगामात ते रात्री मांजरसुंब्याकडून बीडला मोटारसायकलवर येत होते. दसरा-दिवाळी उरकली की या जिल्ह्यातून लाखो माणसे कोयते घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात आणि रस्तोरस्ती उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. अशीच एक ट्रॉली, मागे दिवा नाही. दाजींनी ब्रेक दाबला, मागचे चाक अडकले, गाडी आडवी झाली. भाची तेव्हा शाळेत होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात ती रात्रभर ताईजवळ बसली होती, हे मला आठवते. तिने या नोकरीचे कारण मला कधी सांगितलेले नाही आणि मीही विचारलेले नाही.

तिचा संशय वाटीवर होता. म्हणजे असे, की कुठले तरी हलके काम एखादी सामाईक वस्तू हातात धरून बसले आहे आणि मधल्या कामाने त्याला गच्चीवर बोलावले आहे. हा संशय तिने उगीच घेतला नव्हता. १९९७ साली ४ जुलैला अमेरिकेचे पाथफाइंडर यान मंगळावर उतरले आणि थोड्याच दिवसांत त्याचा संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. तिथे आजींच्या जागी यानातल्या माहितीची ने-आण सांभाळणारे काम होते, नातवाच्या जागी हवामान नोंदवणारे, आणि काकांच्या जागी संदेश पाठवण्यासारखी मधली कामे. वरचे काम वेळेत झाले नाही की पहारेकरी सगळेच बंद करून नव्याने सुरू करी. पृथ्वीवर त्याच यंत्राची जुळी प्रत होती. ती चालवत, प्रत्येक घडामोड नोंदवत, इंजिनिअर मंडळी बसून राहिली, तेव्हा एकदाचे ते कोड्यासारखे दुखणे त्यांच्या डोळ्यांदेखत घडले. उपाय तोच, वाटीवाल्याला आजींचा मान देण्याचा. त्या सिस्टिममध्ये त्याची सोय होती, फक्त ती चालू केलेली नव्हती. पृथ्वीवरून मंगळावर निरोप धाडून ती चालू केली. आणि हे सारे उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही दिसले होते. पण शोधायला बसले की पुन्हा घडेना.

रात्री साडेअकरापर्यंत भाचीने सगळ्या वाट्या तपासल्या. एकही अडकलेली नव्हती. बाहेर पोरांचे फटाके संपले होते. मी झोपायला निघालो आणि जाता जाता तिच्या कागदावर नजर टाकली. चुकलेल्या तीन फेऱ्यांचे क्रमांक तिने एकाखाली एक लिहिले होते: १,४३,११२, ३,८३,११२, ६,२३,११२.

"या तिन्हींच्या शेवटी ११२ आहे, हे चालतं का गं?" मी विचारले.

वाचकहो, तंत्रविद्येला माझ्या हातून लागलेला हा एकमेव हातभार आहे, आणि तोही मी जांभई देत लावला. भाची ताडकन उठून बसली. दोन क्रमांकांतले अंतर २,४०,०००. एक फेरी ५ मिलिसेकंदांची, म्हणजे १,२०० सेकंद. बरोबर वीस मिनिटे!

पुढचे तिला तासाभरात सापडले. दर वीस मिनिटांनी पेटी गाडीची काही माहिती कायमच्या आठवणीत उतरवून ठेवीत असे. वीज गेली तरी पुसली न जाणारी ती आठवण. तिथे लिहायचे तर आधी जुने पुसावे लागते, आणि ते पुसण्याचे काम करणारा प्रोग्रॅमचा तुकडा तेवढा वेळ आतून कडी लावून बसे. कुणाचीच हाक ऐकू येऊ नये अशी कडी. भाचीच्या कामाला त्या तीन फेऱ्यांतही स्वतःचे म्हणून ०.९ मिलिसेकंदच लागले होते. बाकीचा वेळ ते दारात उभे होते. दाजींचे १३ आणि १९! तिने वेगळे मोजलेले ते दोन आकडे शेजारी शेजारी मांडले आणि इतका वेळ वाट्या तपासल्याबद्दल स्वतःच्या डोक्यात टपली मारून घेतली.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजनाच्या सकाळी तिने साहेबांना फोन केला. आम्ही सगळे इकडेतिकडे कामात असल्याचा आव आणून ऐकत होतो. साहेब पाच मिनिटे बोलले. तो तुकडा दुसऱ्या कुणी लिहिलेला आहे, त्याला हात लावायचा तर सगळ्या चाचण्या पुन्हा कराव्या लागतील, तीन आठवडे जातील, गिऱ्हाईक काय म्हणेल, असे काहीसे ते बोलणे असावे. भाची 'हो सर, हो सर' म्हणत होती. शेवटी म्हणाली, "सर, रकान्यात मी ७.६ लिहून सही करते. मग पाठवायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

फोन ठेवल्यावर ती सरळ न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. कुणीही मिनिटे मोजली नाहीत.

नमुना तीन नव्हे, चार आठवडे उशिरा गेला. माहिती उतरवून ठेवण्याचे काम आता गाडी उभी असतानाच होते. त्या वर्षी भाचीला पगारवाढ मिळाली ती इतरांपेक्षा कमी. कारण विचारले तर तिने 'सरासरी बरी आहे' एवढेच सांगितले. नोकरी तीच आहे.

यंदाही दिवाळीला आम्ही बीडला निघालो आहोत. अहिल्यानगरहून बीडपर्यंत २०२५ च्या १७ सप्टेंबरला आगगाडी सुरू झाली, तेव्हा तीने जावे असा माझा विचार, सौ.चे मत अजून एस.टी.च्या बाजूने आहे. परवा भाचीने मोबाइलवर यंदाच्या आंघोळींचे वेळापत्रक धाडले. सुरुवात साडेतीनला. उटण्याच्या वाट्या दोन. दूधवाल्याचा हिशेब आदल्या दिवशी. नानांच्या नावापुढे ३१ तसेच ठेवले आहेत, २२ केलेले नाहीत. माझ्या नावापुढे १७ आहेत, आणि सौ.चे म्हणणे असे की ते कमी धरले आहेत.